बंदरावर पाऊस, बोटीवर दिवस

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-बाबांचा एक बेत हल्ली ठरूनच गेलेला असतो, तो म्हणजे कॅरिबियनची क्रूझ. मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल नाहीतर टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून चार ते सात रात्रींची फेरी. नातवंडांना सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये, म्हणून बुकिंगही त्याच महिन्यांतले. आणि कॅरिबियन समुद्रावरच्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. पावसाचे महिनेही साधारण तेच. मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत निळे पाणी, पांढरी वाळू आणि बुफे यांची वर्णने भरपूर येतात. बोट धक्क्याला लागली आणि बाहेर धो धो कोसळतो आहे, अशा दिवशी काय करायचे, याबद्दल मात्र ओळसुद्धा सापडत नाही. परिणामी ‘पैसे भरलेत, उतरायलाच हवे’ म्हणत सत्तरीचे आजी-आजोबा भिजत धक्क्यावर जातात आणि तासाभरात कुडकुडत परत येतात. बंदरावर पाऊस असेल तर बोटीवरच थांबणे हा पूर्ण शहाणपणाचा बेत आहे. फक्त तो सकाळी सात-आठच्या सुमारास, माहिती घेऊन ठरवायला हवा, म्हणून हे पत्र.

आधी पैशांचे पाहू, कारण निर्णय तिथेच अडतो. बंदराचे कर आणि शुल्क तिकिटातच धरलेले असतात. आपण उतरलो काय नि न उतरलो काय, त्यातला एक डॉलरही परत मिळत नाही, आणि उतरल्याने काही वसूलही होत नाही. बोटीनेच ते बंदर टाळले तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्या बंदराचे शुल्क सहसा आपल्या बोटीवरच्या खात्यात जमा होते आणि बोटीमार्फत घेतलेल्या सहलीचे पूर्ण पैसे परत येतात. बंदर टाळल्याची नुकसानभरपाई मागायला मात्र जागा नसते. मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीने तिकिटाच्या करारातच राखून ठेवलेला असतो.

सहलीच्या पैशांत लोक फसतात. पावसाचे कारण सांगून आपण माघार घेतली तर ते रद्द करणे आपल्या खात्यावर पडते, आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी बंदराच्या २४ ते ४८ तास आधीच संपलेली असते. सहल चालवणाऱ्याने किंवा बोटीने ती रद्द केली तर पूर्ण पैसे मिळतात. त्यामुळे पहाटे पाऊस दिसला म्हणून घाईने ‘आम्ही येत नाही’ असे सांगायला जाऊ नये. आधी सहलीच्या काउंटरवर विचारावे की ही सहल आज चालू आहे का. विजा किंवा लाटा असतील तर स्नॉर्केलिंग आणि कयाकिंगच्या सहली ते स्वतःच रद्द करतात, पण तो निर्णय बरेचदा निघण्याच्या तासभर आधी होतो. बाहेरच्या स्थानिक एजंटाकडे बुकिंग केले असेल तर ‘बोट आली नाही तर पैसे परत’ आणि ‘पाऊस पडला तर पैसे परत’ ही दोन वेगळी कलमे आहेत. पहिले बहुतेकांकडे असते, दुसरे फार थोड्यांकडे.

आता आभाळाचे. आपल्याला पाऊस म्हणजे आषाढातली झड ठाऊक. एकदा लागली की तीन-तीन दिवस उघडीप नाही. त्या सवयीने कॅरिबियनचे आभाळ वाचायला गेले की अंदाज चुकतो. तिथे वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात आणि सुटे सुटे ढग पुढे ढकलत नेतात. एक सर येते, पंधरा-वीस मिनिटे झोडपते आणि निघून जाते. दिवसभराचा पाऊस येतो तो वेगळ्या कारणाने. आफ्रिकेकडून निघून अटलांटिक ओलांडणारी हवेच्या कमी दाबाची लाट, म्हणजे ट्रॉपिकल वेव्ह, बेटावरून जात असेल तर आभाळ पार भरून येते आणि सरी थांबून थांबून दिवसभर चालतात. ओळखायची खूण सोपी आहे. मोबाइलवर उपग्रहाचे हलते चित्र उघडावे. पांढरे ठिपके कापसाच्या बोंडांसारखे विखुरलेले असतील तर तासभर कॉफी पीत थांबावे, उघडेल. पूर्वेकडे सलग पांढरी चादर पसरलेली दिसली तर दिवस बोटीवरचा समजावा. अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा अंदाज हंगामात दिवसातून चार वेळा येतो, मायामीच्या उन्हाळी वेळेप्रमाणे पहाटे २, सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ वाजता. त्यातल्या नकाशावर वादळ तयार होण्याची शक्यता असलेले भाग पिवळा, केशरी आणि लाल असे रंगवलेले असतात. इंग्रजी वाचायचा कंटाळा असला तरी रंग पाहून पुरते.

बेटाबेटाचा पाऊस वेगळा, हेही ध्यानात असू द्यावे. कोकणात पाऊस आणि घाट उतरले की कोरडे, हे आपण जन्मापासून पाहतो. तसेच इथे लहान प्रमाणात आहे. डॉमिनिका बेटावर १,४४७ मीटर उंचीचा मॉर्न डियाब्लोटिन डोंगर आहे. बेटाच्या आतल्या भागात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जिथे बोट लागते ते रोझो गाव पश्चिमेच्या आडोशाला असल्याने त्या मानाने कोरडे. म्हणजे धक्क्यावर ऊन असताना धबधब्याच्या वाटेवर मुसळधार असू शकते. उलट अरुबा आणि कुरासाव ही बेटे रखरखीत, निवडुंगाची. तिथला थोडाफार पाऊसही मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो. चक्रीवादळांच्या महिन्यांतच जायचे असेल आणि पावसाचा धसका असेल तर ही दक्षिणेकडची फेरी निवडावी. तिला जास्त रात्री लागतात आणि भाडेही जास्त पडते, पण ही बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बरीच खाली आहेत.

‘एवढा पाऊस असून बोट लागली, आणि परवा नुसते ढगाळ होते तरी कप्तानाने बंदर सोडले’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. पावसाने बोट अडत नाही, वाऱ्याने अडते. आजच्या मोठ्या बोटी पंधरा-वीस मजली असतात आणि त्यांची उभी बाजू शिडासारखी वारा धरते. आडवा वारा २५ ते ३० नॉटच्या (ताशी साधारण ४६ ते ५६ किलोमीटरच्या) पुढे गेला की अरुंद धक्क्याला लागणे जोखमीचे होते. हिवाळ्यात मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाला हाच त्रास होतो. अमेरिकेतून खाली उतरणाऱ्या थंड हवेबरोबर उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथले लोक ‘नॉर्ते’ म्हणतात, आणि कधी कधी अख्खे बंदरच बंद ठेवावे लागते. जिथे धक्का नाही, तिथे लाट मोजली जाते. ग्रँड केमन बेटाला बोट समुद्रातच नांगर टाकते आणि लोकांना छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. तिथल्या जॉर्जटाउन गावासमोर पाणी खवळले तर बेटाच्या दक्षिण अंगाला स्पॉट्स येथे नेऊन उतरवतात. बेलिझ सिटीला किनारा उथळ आहे, म्हणून बोट बरीच बाहेर थांबते आणि टेंडरचा प्रवास साधारण वीस मिनिटांचा होतो. अशा बंदरांवर पाऊस आणि लाट दोन्ही असतील तर गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी उतरूच नये. बोटीचे दार आणि टेंडरची कड एका पातळीत राहत नाहीत. दोन्ही वर-खाली होत असतात, आणि पाय टाकायची वेळ साधावी लागते. खलाशी दोन्ही हातांना धरतात, पण पाऊल आपल्यालाच टाकायचे असते. जाताना जमले म्हणून येताना जमेल असेही नाही, कारण दुपारनंतर लाट वाढू शकते.

सहलींतही निवड करता येते. कोझुमेलहून तुलुमचे प्राचीन माया अवशेष पाहायला आधी फेरीबोटीने प्लाया देल कार्मेनला जावे लागते. तो प्रवास पाऊण तासाचा, आणि वारा असला की अर्धी बोट उलट्या करते. पुढे तासभर बस आणि मग अवशेषांत डोक्यावर छप्पर नाही. असा दिवस पावसात वाया जातो. जमैकातल्या ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा चढायचा असतो, तिथे डोंगरात पाऊस झाला की पाणी गढूळ होऊन जोर धरते. याउलट पोर्तो रिकोतल्या सान हुआनचा एल मोरो किल्ला पावसातही पाहता येतो, कारण त्याच्या तटाच्या पोटात दगडी कमानींच्या खोल्या आहेत. तिथल्या जुन्या गावातल्या निळसर विटांच्या रस्त्यांवरून मात्र जपून चालावे. त्या ओल्या झाल्या की चपला सटकतात.

थांबायचे ठरले की पुढचा प्रश्न, बोटीवर करायचे काय. बंदरातली बोट आणि भर समुद्रातली बोट यांत फरक असतो, आणि तो माहीत नसला की हिरमोड होतो. धक्क्याला असताना कॅसिनो आणि करमुक्त दुकाने सहसा बंद असतात. बोट त्या देशाच्या हद्दीत उभी असते आणि तिथल्या जकातीचे व जुगाराचे कायदे लागू होतात, म्हणून. संध्याकाळी बोट सुटून पुरेशी बाहेर गेली की ती उघडतात. मुख्य जेवणघरात बंदराच्या दिवशी दुपारचे जेवण बहुधा नसते. कार्यक्रमही सकाळी नऊ ते तीन विरळ असतात, कारण लोक बाहेर असणार हे धरून वेळापत्रक आखलेले असते. पाऊस लागला की क्रूझ डायरेक्टर आयत्या वेळी प्रश्नमंजूषा, बिंगो, नाट्यगृहात सिनेमा असे काहीबाही वाढवतो. याची घोषणा फक्त जिने, डेक, लाउंज अशा सार्वजनिक जागांत ऐकू येते. केबिनमधल्या भोंग्यावर आणीबाणीखेरीज शक्यतो काही बोलत नाहीत. तेव्हा बोटीचे ॲप तासातासाने उघडून पाहावे, नाहीतर नाश्त्याच्या वेळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर बदललेला कार्यक्रम विचारून घ्यावा.

स्पावाले बंदराच्या दिवशी सवलत देतात, कारण एरवी त्यांची खुर्ची रिकामी राहते. पावसाच्या दिवशी ही गोष्ट शंभर जणांना एकाच वेळी आठवते, म्हणून आठ वाजताच फोन करून वेळ घ्यावी. किंमत ऐकताना १८ ते २० टक्के टिप वर लागणार आहे का, हे आधीच विचारावे. पोहायचा तलाव नुसत्या पावसाने बंद होत नाही. विजा कडाडू लागल्या की तलाव आणि घसरगुंड्या दोन्ही बंद करतात. काही बोटींवर तलावावर सरकते छप्पर असते. हॉलंड अमेरिका या क्रूझ कंपनीच्या बोटींची ती जुनी ओळख आहे. सेलिब्रिटी आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्यांच्या अनेक बोटींवर सोलॅरियम, म्हणजे बहुधा काचेच्या छपराखालची पोहण्या-बसण्याची जागा असते, तिथे सहसा १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. आपल्या बोटीवर छपराचा तलाव आहे की नाही, हे बुकिंग करतानाच पाहिले तर पावसाचे निम्मे दुःख तिथेच संपते.

जेवणाची वेळ साधणे हे तर पावसाच्या दिवसाचे मर्म आहे. ऊन असलेल्या बंदराच्या दिवशी दुपारी बारा वाजता बुफे रिकामा असतो. पावसात उलटे होते. दहाला उतरलेले लोक साडेअकरापासून भिजून परतू लागतात आणि साडेबारा ते दीडमध्ये खुर्ची मिळत नाही. साडेअकराला नाहीतर दोननंतर जेवावे. त्यात भर म्हणजे सगळे कर्मचारी कामावर नसतात. बंदरात असतानाही ठरावीक लोकांनी बोटीवर राहिलेच पाहिजे, अशी पाळी असते. बाकीच्यांना चार-पाच तास किनाऱ्यावर जाऊन घरी फोन करायची हीच संधी. या कर्मचाऱ्यांत गोव्याची आणि कोकणची मुले बरीच असतात. वाढप जरा हळू झाले तर ओरडू नये, आणि मराठी-कोंकणी ऐकू आली तर दोन शब्द आपुलकीने बोलावेत. सहा-आठ महिने ती घरापासून लांब असतात. शाकाहारी जेवण आदल्या रात्री मुख्य जेवणघरातल्या हेड वेटरला सांगितले तर दुसऱ्या दिवशी नीट मिळते. कांदा-लसूण नसलेले किंवा जैन जेवण हवे असेल तर ते बोट सुटण्याआधी, बुकिंगच्या वेळीच नोंदवायला हवे. कंपनीची खासगी बेटे असतात, तिथे थांबणाऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते. स्वयंपाक आणि माणसे बेटावर पाठवलेली असतात, त्यामुळे बोटीवरचे पर्याय कमी होतात.

एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. पावसात सगळे आत कोंडले जातात, बुफेतला वाढून घ्यायचा एकेक चिमटा शंभर हातांतून जातो, आणि नोरोव्हायरसला, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या साथीला, हेच हवे असते. दारातल्या सॅनिटायझरने हा विषाणू नीट मरत नाही. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, वीस सेकंद हात चोळून धुणे हाच उपाय. बुफेच्या तोंडाशी बेसिन असते, तिथे रांग असली तरी थांबावे.

आणखी एका गोष्टीने ज्येष्ठांची छाती धडधडते. कर्मचाऱ्यांची आग विझवण्याची आणि बोट सोडण्याची कवायत नियमाप्रमाणे दर आठवड्याला व्हावी लागते आणि ती सहसा बंदरातच घेतात. अचानक सात आखूड आणि एक लांब असे भोंगे वाजतात, नारिंगी जाकिटे घातलेली माणसे धावतात, काही दारे बंद होतात, कधी लिफ्ट थांबवतात, जीवनरक्षक नौका दोरांवरून खाली सोडतात. आधी ‘ही केवळ कर्मचाऱ्यांची कवायत आहे’ अशी घोषणा होते. ती इंग्रजीत आणि घाईत असते. प्रवाशांना काही करायचे नसते. ज्या घरात फक्त आई-बाबा बोटीवर थांबणार आणि मुले उतरणार असतील, त्या घरातल्या मुलांनी हे आधी सांगून ठेवावे.

केबिनमधल्या बारीकसारीक गोष्टी पावसाच्या दिवशी कामी येतात. केबिनच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात, त्यांना लोहचुंबकाचे हुक चिकटतात. पाच-सहा हुक घरून नेले तर ओले रेनकोट, टोप्या, पिशव्या न्हाणीघराजवळच्या भिंतीला टांगता येतात. शॉवरच्या वर आडवी ताणायची एक बारीक दोरी बऱ्याच बोटींवर भिंतीतच गुंडाळलेली असते, ती कपड्यांसाठीच आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. ते उडतात, आणि बोटीवर आगीच्या भीतीने त्याला मनाईही असते. पाऊस पाहायला बाल्कनीचे दार उघडे टाकून बसू नये. बाहेरची दमट हवा आत आली की थंड आरशांवर आणि छतावर पाणी धरते, फरशी निसरडी होते, आणि काही बोटींवर दार उघडताच वातानुकूलन बंद पडते. दार लावून बाहेर बसावे. विजेची किटली, इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड बॅगेत असेल तर तो चढतानाच काढून घेतात, परत मिळतो फेरी संपल्यावर. चहाशिवाय ज्यांचे पान हलत नाही, त्यांनी झाकणाचा थर्मास न्यावा. बुफेच्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ दिवस-रात्र चालू असतो, आपली चहा-साखर आपल्याजवळ असली की झाले. आणि कपडे धुवायचे यंत्र ज्या बोटींवर प्रवाशांसाठी ठेवलेले असते, कार्निव्हल आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या बहुतेक बोटींवर ते असते, तिथे बंदराच्या दिवशी सकाळी रांग नसते. कामच उरकायचे तर यापेक्षा चांगली वेळ नाही.

डेकवर जायच्या दारांबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हाताची बोटे चेमटण्याचे प्रकार तिथेच होतात. ही दारे जड असतात, आणि वाऱ्याच्या बाजूचे दार बाहेरून कोणी दाबून धरल्यासारखे घट्ट बसते. जोर लावून ते उघडले की वारा ते हिसकावतो. अशा वेळी माणूस तोल सावरायला चौकट धरतो. हात बिजागरीच्या फटीत असेल तर दार मिटताना हाताची बोटे सापडतात. हात फक्त दाराच्या मुठीवरच ठेवावा, आणि फार जोर लागत असेल तर बोटीच्या दुसऱ्या बाजूचे दार वापरावे. आडोशाच्या अंगाला तेच दार सहज उघडते. उंबरठा पायरीएवढा उंच असतो, तो पाणी आत येऊ नये म्हणून. रबरी तळव्याचे, टाच बंद असलेले बूट घालावेत; हवाई चपला ओल्या डेकवर नकोत. साड्या आणि धोतरे ओली होऊन पायात येतात हेही ध्यानात ठेवावे. पाय घसरून काही झाले तर बोटीवरचा दवाखाना असतो, पण बंदराच्या दिवशी त्याचे उघडे राहण्याचे तास कमी असतात, बिल डॉलरमध्ये लागते, आणि विमा असला तरी पैसे आधी भरून पावत्या सांभाळाव्या लागतात. पॉलिसीत क्रूझचा उल्लेख आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

बसायला जागा कोणती? नाट्यगृह आणि बुफे भरले की लोक लिफ्टजवळच्या खुर्च्यांवर कंटाळत बसतात. दोन जागा बहुतेकांना सुचत नाहीत. एक, वरच्या मजल्यावर अगदी पुढे असलेले काचेचे लाउंज. संध्याकाळी तिथे गर्दी असते, बंदराच्या दिवशी सकाळी नसते. दुसरी, जुन्या पद्धतीच्या बोटींवर जीवनरक्षक नौकांच्या खालून जाणारा प्रॉमेनेड डेक. वर नौकांचे छप्पर, समोर पाऊस, बसायला लाकडी आरामखुर्ची. तिथून दोरखंडाचे काम पाहावे. मनगटाएवढ्या जाडीचे दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांना अडकवलेले असतात, आणि बोट जराशी हलली की ते ताणून पाणी पिळून टाकतात. सुटताना धक्क्यावरची माणसे एकेक फास काढतात, बोटीच्या नाकाजवळचे आडवे पंखे फिरू लागतात, पाणी ढवळून हिरवे-पांढरे होते आणि एवढा डोलारा टगबोटीशिवाय आडवा सरकत धक्क्यापासून दूर जातो. नातवंडे सोबत असतील तर त्यांना हे जरूर दाखवावे. मुलांचा क्लब बंदराच्या दिवशीही चालू असतो, पण पावसात तो भरतो, म्हणून नाव सकाळीच नोंदवावे. लंगोट लावणाऱ्या बाळांना बहुतेक बोटींवर या क्लबात आणि तलावात घेत नाहीत.

दुपारी उघडलेच तर तासभर पाय मोकळे करता येतात, पण ते बंदर पाहून. बहामातल्या नासाऊला धक्क्याला लागूनच गाव आहे, जुन्या सान हुआनलाही तसेच. सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गला पायी वीसेक मिनिटे लागतात. कोझुमेलला तीन धक्के आहेत, त्यांतला पुंता लांगोस्ता गावातच आहे, उरलेले दोन काही किलोमीटर दक्षिणेला. छत्री नेऊ नये. लांब उघड्या धक्क्यावर वारा ती उलटवतो. गुडघ्यापर्यंतचा पातळ रेनकोट बरा. बोटीचे कार्ड आणि फोटोचे ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. बोटीचा टॉवेल नेला तर मोजून परत आणावा, हरवला तर खात्यावर पैसे लागतात. आणि घड्याळ! कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, त्याने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीहून आलेल्या बोटीचे घड्याळ गावातल्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असते. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवतो आणि माणूस एक तास उशिरा धक्क्यावर पोचतो. बोटीची वेळ दाखवणारे हातघड्याळच वापरावे. बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी आत असावे लागते, आणि पावसात तपासणीची रांग शेवटच्या तासात छपराबाहेर जाते.

वारा असलेल्या दिवशी बोट सुटल्यावर संध्याकाळी समुद्र हलणार, हे दुपारीच ओळखावे. उलटीची गोळी लाट सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी, आणि रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असतील तर कोणती गोळी चालेल, हे आपल्या डॉक्टरांना घरीच विचारून ठेवावे. मोबाइल बोट सुटताच एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर समुद्रावरच्या रोमिंगचे बिल डोळे पांढरे करते. बोटीचे वायफाय मुसळधार पावसात मंदावते. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्यात बोटीवाल्यांचा दोष नसतो. घरच्यांना व्हिडिओ कॉल सर ओसरल्यावर करावा.

मुंबई-पुण्याहून कॅरिबियनचे गट नेणाऱ्या पर्यटन कंपन्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती आहे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत प्रत्येक बंदराबद्दल पाच गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात. धक्का आहे की टेंडर, गाव पायी किती लांब, त्या महिन्यात पावसाचा रिवाज काय, सहल रद्द करायची शेवटची वेळ कोणती, आणि त्या दिवशी बोटीवर थांबणाऱ्यांसोबत टूर लीडर थांबणार की नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक वेळा ‘नाही’ असे असते. तीस जणांच्या गटात सहा-सात ज्येष्ठ मागे थांबतात आणि त्यांच्याजवळ इंग्रजी घोषणा समजून सांगणारे कोणीच नसते. दोन टूर लीडर असतील तर एकाने थांबावे. एकच असेल तर थांबणाऱ्यांतल्या एकाला कवायतीची, जेवणाच्या वेळेची आणि दवाखान्याच्या फोनची माहिती कागदावर लिहून देऊन मगच उतरावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे